थंडीत बोटं पांढरीफटक का पडतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळी सरली आणि साताऱ्यात सकाळचा गारठा सुरू झाला की ओपीडीत हात पुढे करून दाखवणारे पेशंट वाढतात, आणि या कॉलमकडे येणारे प्रश्नही तसेच यायला लागतात. डॉक्टर, बोटं एकदम पांढरी पडतात, मग निळी होतात, मग लाल होऊन ठणकतात, हे काय आहे? याला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. शंभरातल्या साधारण 3 ते 5 जणांना हा त्रास असतो म्हणजे तसा दुर्मिळ अजिबात नाही, फक्त त्याला नाव आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेकांच्यात तो निरुपद्रवी असतो आणि थोड्यांच्यात मात्र एखाद्या मोठ्या आजाराची पहिली खूण असते, आणि या दोघांतला फरक ओळखायला महागडं मशीन लागत नाही, नीट विचारायला आणि नीट बघायला वेळ लागतो. माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे. प्रश्न लांब होते, मी थोडक्यात केलेत. एक प्रश्न थांबण्यासारखा नाही म्हणून तो सगळ्यात आधी घेते.

प्रश्न: माझा भाऊ 34 वर्षांचा आहे, माण तालुक्यात असतो, ट्रकवर आहे. दिवसाला दोन बंडल बिड्या लागतात. गेल्या थंडीत पायाची बोटं गार पडायची, चाललं की पोटरी भरून यायची. आता एक बोट टोकाला काळं पडलंय आणि रात्री पाय कॉटच्या खाली सोडूनच झोपतो. गावात कुणी म्हणालं थंडीचं आहे, गरम पाण्याने शेका.

शेकू नका. आणि हे वाचल्यावर आजच त्याला घेऊन निघा. रेनॉडमध्ये बोट पांढरं पडतं आणि ऊब मिळाली की पूर्ववत होतं. काळं पडून तसंच राहणं, पाय खाली सोडल्याशिवाय झोप न येणं, चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागणं, याचा अर्थ रक्तवाहिनीत कायमचा अडथळा आलाय. पाय खाली सोडला की उतारामुळे थोडं जास्त रक्त पोचतं म्हणून त्याला बरं वाटतं, ती त्याची सवय नाही, लक्षण आहे. या वयात, इतक्या बिड्या ओढणाऱ्या माणसात पहिला संशय बर्गर आजाराचा येतो. लिओ बर्गर यांनी 1908 साली हा आजार नीट मांडला आणि तंबाखूशी त्याचं नातं इतकं घट्ट आहे की तंबाखू न वापरणाऱ्या माणसात हे निदान करायला डॉक्टर कचरतात. हातापायाच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते.

जिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत अशा हॉस्पिटलला न्या, डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, होईल, गरज पडली तर सीटी अँजिओ होईल, शुगरही बघतील. तोपर्यंत पाय कोरडा स्वच्छ ठेवा, सैल सुती मोजा घाला, काळ्या भागाला ब्लेड लावू नका, कसलाही लेप लावू नका. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला शेक दिला तर कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही. बिडीचं मात्र स्पष्टच सांगते, कमी करून चालणार नाही. दिवसाला एक बिडी, चुना-तंबाखूची एक चिमूट, मिश्री, यातलं काहीही चालू राहिलं तर आजार पुढे सरकत राहतो, आणि या आजारात निकोटीनची गोळी किंवा च्युइंगमही टाळायला सांगतात. जे पूर्ण सोडतात त्यातल्या बहुतेकांचे पाय वाचतात. हे त्याला तुमच्याकडून नाही तर डॉक्टरांकडून तोंडावर ऐकू द्या, जास्त लागू पडतं.

प्रश्न: मी 22 वर्षांची आहे, मेढ्याजवळच्या गावातून साताऱ्याला कॉलेजला स्कूटीवर येते. तीन-चार वर्षं झाली, थंडीत दोन्ही हातांची बोटं, अंगठा सोडून, टोकाकडून पांढरीफटक पडतात, मेल्यासारखी होतात. वर्गात पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी झिणझिण्या येऊन नॉर्मल. रक्त कमी आहे म्हणून आयर्नच्या गोळ्या दिल्या, फरक नाही. आत्या म्हणते कोड आहे, आता स्थळं बघायला लागलेत तर कुणाला सांगू नकोस. मी कोणत्या टेस्ट करू?

आधी आत्यांचं. हे कोड नाही. कोडाचा डाग येतो आणि राहतो, तुझी बोटं वीस मिनिटांत पूर्ववत होतात. कोडात त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी जातात, इथे रंग तसाच आहे, रक्त तेवढ्यापुरतं थांबतं. (कोड असतं तरी लपवायचं कारण नव्हतं, तोही संसर्गजन्य नाही, पण तो वेगळा विषय.) हा त्रास एकाकडून दुसऱ्याला होत नाही, यामुळे लग्नाला, मूल व्हायला काही अडचण येत नाही.

होतं काय, तर थंडी लागली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखायला हातापायाच्या टोकांचं रक्त कमी करतं, सगळ्यांचंच करतं. पाटाला पाणी कमी असलं की शेवटच्या वाफ्याचं दार आधी बंद करतात, तसं. तुझ्या बोटांच्या रक्तवाहिन्या या थंडीच्या इशाऱ्याला गरजेपेक्षा जास्त जोरात दाद देतात, पार आवळून घेतात. रक्त गेलं की पांढरं, अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला की निळं, आणि वाहिनी उघडून रक्त एकदम परत आलं की लाल आणि ठणका. तिन्ही रंग प्रत्येकात दिसतातच असं नाही, पांढरा दिसला तरी पुरे. टेन्शनने पण असंच होतं, तोंडी परीक्षेच्या आधी एसी हॉलमध्ये बसून बोटं पांढरी झालेल्या मुली मी बघितल्यात.

आता टेस्ट. पहिली टेस्ट तुझ्याच हातात आहे, मोबाईल. पुढच्या वेळी बोटं पांढरी झाली की लगेच फोटो काढ, दोन्ही हात, उजेडात, आणि पांढरा भाग जिथे संपतो ती रेषा फोटोत यायला पाहिजे. रेनॉडमध्ये ती रेषा ठळक असते, एका कांड्यापर्यंत पांढरं आणि पुढे नॉर्मल. डॉक्टरांसमोर येईपर्यंत बोटं गुलाबी झालेली असतात त्यामुळे हा फोटो रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. बर्फाच्या पाण्यात हात घालून अटॅक आणून बघायची जुनी टेस्ट कुणी सुचवली तर करू नकोस, त्रास होतो आणि निदानात भर काही पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नखाची मुळं. नखाच्या बुडाशी जी पातळ कातडी असते तिथे तेलाचा एक थेंब टाकून डर्मोस्कोपने, म्हणजे स्किनवाल्या डॉक्टरांकडे असतं त्या भिंगाने बघायचं. नॉर्मल माणसात उलट्या यू आकाराच्या बारीक लाल रेषा एका ओळीत, एकसारख्या अंतरावर दिसतात. मोठा आजार लपलेला असेल तर त्यातल्या काही रेषा फुगून चांगल्या जाड झालेल्या दिसतात, मध्येमध्ये रिकाम्या जागा दिसतात, कुठे रक्ताचा बारीक ठिपका. पाच मिनिटांचं काम आहे, सुई नाही काही नाही. यासोबत एक सीबीसी, ईएसआर, थायरॉईड आणि एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय का हे बघायची रक्ताची टेस्ट. एएनए ही टेस्ट इम्युनोफ्लोरेसन्स पद्धतीनेच करून घे, आणि 1:80 सारखा कमी आकडा पॉझिटिव्ह आला तर नेटवर शोधत बसू नकोस, अगदी धडधाकट माणसांतसुद्धा शंभरातल्या दहा-बारा जणांत तो तसा येतो.

एएनए निगेटिव्ह आणि नखाची मुळं नॉर्मल, तर किती निश्चिंत राहायचं? कॅनडात 586 रेनॉडच्या पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून 2008 साली निष्कर्ष छापले गेले. ज्यांच्यात नखाच्या वाहिन्या आणि स्क्लेरोडर्माच्या (कातडी आणि आतले अवयव कडक करत जाणारा आजार) अँटीबॉडी दोन्ही नॉर्मल होत्या त्यांच्यात पुढे स्क्लेरोडर्मा झाला 2 टक्क्यांहूनही कमी जणांना, आणि दोन्ही बिघडलेल्या होत्या त्यांच्यात जवळपास 80 टक्क्यांना. म्हणून मी म्हणते आधी नखं बघा. तुझं वय, दोन्ही हातांना सारखं होणं, अंगठा सुटणं, जखम कधीच न होणं, हे सगळं साध्या, प्रायमरी रेनॉडकडे बोट दाखवतं. आयर्नच्या गोळ्यांचं म्हणशील तर हिमोग्लोबिन कमी असेल तर जरूर घे, पण बोटांसाठी म्हणून नको.

आणि स्कूटी. नुसते हातमोजे घालून भागत नाही हे तुला कळलंच असेल. छातीला वारं लागलं की शरीर बोटांचं रक्त तोडतंच, हात कितीही गुंडाळा. त्यामुळे आत एक थर्मल, वर वारा अडवणारं जाकीट, कान आणि मान झाकलेली, आणि मग हातमोजे, तेही लोकरीचे नाही तर बाहेरून वारा न लागणारे. घरातून निघायच्या आधीच घाल, बोटं गार पडल्यावर मोजे घातले तर आत गारठाच कोंडला जातो. शक्य असेल त्या दिवशी एसटी धर. एवढ्यावर बऱ्याच मुलींचं भागतं, गोळी लागत नाही.

प्रश्न: वाईहून लिहितेय, वय 38. पहाटे टाकीच्या पाण्यात भांडी घासते तेव्हा बोटं पांढरी होतात. मग मी गॅसवर हात शेकते नाहीतर कडकडीत पाण्यात बुडवते, पण नंतर फार आग होते. काय करावं? चहा बंद करू का? कुणी लाल मिरचीचं तेल चोळायला सांगितलंय.

गॅस आणि कडकडीत पाणी दोन्ही बंद करा ताई. पांढऱ्या बोटाला गरम-गार कळत नाही, भाजलं की नंतरच समजतं. कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तेवढंच, आणि पाच-दहा मिनिटं त्यात बोटं हलवत ठेवा. पाणी नसेल तर हात काखेत धरा, किंवा उभं राहून हात खांद्यातून गोल जोरात फिरवा, रक्त टोकाकडे ढकललं जातं, याने पटकन उतार पडतो. मिरचीचं तेल नको, आधीच आग होणाऱ्या कातडीवर पुरळ उठवून घ्याल आणि तोच हात डोळ्याला लागला की वेगळंच दुखणं.

खरा उपाय त्या पहाटेच्या भांड्यांतच आहे. आत सुती हातमोजे आणि वर रबरी, असे दोन घालून घासा, किंवा बादलीभर पाणी तापवून घ्या. घरात तुमच्याशिवाय भांडी घासणारं कुणी असेल तर थंडीचे तीन महिने त्यांनी घासावीत, हे मी औषध म्हणूनच लिहून देतेय, घरी वाचून दाखवा. फ्रीजमधलं दूध, बर्फाचा ट्रे, फ्रीजरमधलं पीठ काढताना कोरडं फडकं धरून काढा. चहा बंद करायची गरज नाही, दोन कप घ्या आणि कप दोन्ही हातांत धरून प्या. मिश्री लावत असाल तर ती मात्र बंद, निकोटीन थेट वाहिन्या आवळतं. 38 व्या वर्षी हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर वर सांगितलेली नखाची तपासणी आणि एएनए तुम्हीही करून घ्या, थायरॉईड पण. तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं रेनॉड आम्ही विशीतल्यासारखं सोडून देत नाही.

प्रश्न: आई 46 वर्षांची, कराड तालुक्यात गाव आहे. दोन वर्षांपासून बोटं पांढरी-निळी होतात, आता बारा महिने. बोटं सुजल्यासारखी जाड झालीत, अंगठी कापून काढावी लागली. दोन बोटांच्या टोकाला जखमा आहेत, भरत नाहीत. ॲसिडिटी खूप, जिना चढताना दम लागतो. वाताचं म्हणून औषध चालू आहे, त्यात स्टेरॉईड आहे असं मेडिकलवाला म्हणाला. काय असेल?

तुम्ही जे लिहिलंय त्यातली प्रत्येक ओळ महत्त्वाची आहे आणि त्या एकत्र वाचल्या की स्क्लेरोडर्मा, म्हणजे सिस्टेमिक स्क्लेरोसिस, हाच विचार पहिल्यांदा येतो. या आजाराच्या जवळजवळ सगळ्याच पेशंटना रेनॉड असतं आणि बऱ्याचदा बाकीचं काही दिसायच्या आधी काही महिने, काही वर्षं तेच एकटं असतं. घरी एक बघा. आईच्या बोटाच्या वरच्या कातडीला चिमूट येते का? आपल्या बोटावर येते तेवढी? तोंड पूर्वीएवढं उघडतं का, मोठा घास घेता येतो का? चेहऱ्यावर, तळहातावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके? ही उत्तरं लिहून ठेवा आणि रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना. वातावर औषध देणाऱ्या कुणालाही नाही, याच तज्ज्ञांना. एकदा निदान पक्कं झालं की नेहमीचं फॉलोअप तालुक्यातल्या फिजिशियनकडे चालू शकतं.

ते एएनए, अँटीसेंट्रोमिअर आणि एससीएल-70 या टेस्ट करतील. दम लागतोय म्हणून छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, फुफ्फुसाची फुंकायची टेस्ट आणि हृदयाची टू-डी इको नक्की, यात चालढकल नको, कारण या आजारात माणसाला धोका बोटांपेक्षा फुफ्फुसं, हृदय आणि किडनी यांचा असतो. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी पण.

स्टेरॉईडबद्दल नीट वाचा. स्क्लेरोडर्मात जास्त डोसचं स्टेरॉईड, रोज 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या वर, किडनीचा एकदम उद्भवणारा मोठा त्रास ओढवू शकतं. पण म्हणून घरच्या घरी गोळी एकदम बंद करू नका, महिनोन्महिने चालू असलेलं स्टेरॉईड अचानक थांबवलं तर तेही जिवावर बेतू शकतं. गोळीची स्ट्रिप घेऊन याच आठवड्यात डॉक्टर गाठा आणि तोपर्यंत रोज बीपी मोजा, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मोजून मिळेल. नेहमी 120 असणारं बीपी 150 च्या वर गेलं, डोकं फार दुखायला लागलं, नजर अंधुक झाली, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. वेळेत पोचलं तर एसीई इनहिबिटर गटातल्या औषधांनी किडनी वाचवता येते, ही औषधं यायच्या आधी या गुंतागुंतीत फार लोक दगावत.

जखमांचं: साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायच्या, कोरड्या करायच्या, व्हॅसलीनसारखं साधं मलम आणि वर स्वच्छ पट्टी. हळद, चुना, राख काही नको. खपली ओढायची नाही. पू दिसला, बोट काळं पडायला लागलं, रात्रभर झोपू देणार नाही इतकं दुखलं तर थांबू नका. औषधांत सुरुवात बहुधा निफेडिपिनच्या सावकाश सुटणाऱ्या गोळीने किंवा ॲम्लोडिपिनने होते. या बीपीच्या गोळ्या आहेत, बीपी नसलं तरी रेनॉडसाठी देतात कारण त्या वाहिन्या सैल करतात. अटॅक पूर्ण थांबत नाहीत, कमी होतात आणि थोडक्यात आटोपतात. पाय सुजणं, डोकं दुखणं, चेहरा गरम होणं हे होऊ शकतं, सांगितलं की डोस बदलतात. त्याने भागलं नाही तर सिल्डेनाफिल. ही गोळी पुरुषांच्या तक्रारीसाठी प्रसिद्ध आहे म्हणून बायका आणायला लाजतात, काही घरांत चिठ्ठी बघून गोळी आणलीच जात नाही, असं अजिबात करू नका. बोटांच्या जखमा भरायला ती चांगलं काम करते, फक्त हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ती घ्यायची नाही. फारच बिकट असेल तर ॲडमिट करून इलोप्रॉस्टसारखं औषध काही दिवस सलाईनमधून देतात, आणि नवीन जखमा होऊ नयेत म्हणून बोसेंटान.

आईला एवढंच सांगा की आजार पूर्ण जात नसला तरी लवकर पकडला तर बरंच काही हातात असतं. आणि त्यांना चुलीजवळ हात शेकू देऊ नका.

प्रश्न: मी खटाव तालुक्यात दगडखाणीवर ब्रेकर चालवतो, 12 वर्षं झाली. उजव्या हाताची मधली बोटं सकाळी पांढरी होतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. सुपरवायझर म्हणतो थंडीचं आहे.

थंडी हे निमित्त आहे, कारण ब्रेकर आहे. सतत हादरणारं हत्यार हातात धरून वर्षानुवर्षं काम केलं की बोटांच्या वाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी 1918 साली इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडी कापणाऱ्या कामगारांत हे तपासून लिहिलं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून हा कामामुळे होणारा आजार म्हणून माहीत आहे. बटण न लागणं म्हणजे नसांपर्यंत गेलंय.

लवकर काम बदललं तर वाहिन्यांचा त्रास कमी होऊ शकतो, नसांचं झालेलं नुकसान मात्र बहुतेक तसंच राहतं, म्हणून अजून दोन सीझन बघू असं करू नका. काम सोडणं सगळ्यांना जमत नाही हे मला कळतं. निदान दिवसभर एकट्याने न धरता पाळी लावून घ्या, मध्ये थांबा, मूठ घट्ट आवळू नका, हत्याराचं वजन दगडावर पडू द्या, बोथट छिन्नी बदलून मागा, आणि हवेवर चालणाऱ्या ब्रेकरची गार हवा हातावर येत असेल तर तिचं तोंड वळवून घ्या. सुरू करायच्या आधी हात गरम करा. कंपन कमी करतात म्हणून विकतात त्या हातमोज्यांवर फार विसंबू नका, ऊब देतात तेवढाच त्यांचा खरा फायदा.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. दगडाच्या धुळीत सिलिका असते, आणि सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या माणसांत स्क्लेरोडर्माचं प्रमाण जास्त असतं. 1957 साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत हे नोंदवलं गेलं. म्हणून तुमची एएनए, नखाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे तिन्ही व्हायला हवं. मनगटात नस दबली जाण्याचा त्रासही अशा कामात होतो आणि त्यानेही बोटं बधिर होतात, ते नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये कळतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कामाचं स्वरूप आणि वर्षं लिहून घ्या, पुढे भरपाईचा विषय निघाला तर तो कागद लागतो.

प्रश्न: मला मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल दिलंय. ती गोळी सुरू केल्यापासून बोटं गार आणि पांढरी होतात. संबंध आहे का? (फलटण, वय 29)

आहे. प्रोप्रानोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या बीटाब्लॉकर गोळ्यांनी रेनॉड सुरू होऊ शकतं किंवा असलेलं वाढू शकतं. शिवाय मायग्रेन असलेल्यांत रेनॉड मुळातच जास्त दिसतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, मायग्रेनसाठी दुसऱ्या गटातलं औषध देता येतं. डोकं दुखलं की मेडिकलमधून एर्गोटामिन असलेली गोळी आणून घेत असाल तर ती मात्र थांबवा, ती वाहिन्या फार जोरात आवळते. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिनही त्याच जातीचं, पाकिटाच्या मागे वाचून घ्या. लहान मुलांना एकाग्रतेसाठी मिथाइलफेनिडेट देतात त्यानेही होतं.

प्रश्न: बाळ दोन महिन्यांचं आहे. पाजून झालं की निपल पांढरं पडतं आणि अशी कळ येते की रडू येतं. बुरशी म्हणून दोन वेळा मलम लावलं, फरक नाही. सासूबाई म्हणतात वरचं दूध सुरू कर. (सातारा)

वरचं दूध सुरू करायची घाई नको. रेनॉड फक्त बोटांना होतं असं नाही, निपललाही होतं, आणि बुरशी समजून महिनाभर मलमं लावलेल्या बऱ्याच आया शेवटी याच निदानावर येतात. बाळ तोंडातून सुटल्याबरोबर पांढरं, मग निळं किंवा लाल, आणि कळ, हा क्रम असेल तर तेच आहे. इथेही मोबाईलवर फोटो काढून दाखवा, स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर सांगायला अवघड वाटतं त्यांनाही फोटोने सोपं जातं.

आधी बाळ नीट तोंडात घेतंय का हे कुणा जाणत्या नर्सकडून बघून घ्या, नुसतं टोक चावत असेल तर त्यानेही वाहिन्या आवळतात. पाजून झाल्याबरोबर लगेच झाका, कोरडी ऊबदार घडी ठेवा, ओलसर सुटलेलं राहू देऊ नका. पाजताना खोली गार नको, खांद्यावर शाल घ्या. एवढ्याने थांबलं नाही तर निफेडिपिन दोन-तीन आठवडे दिली जाते, आईच्या दुधात ती फारच थोडी उतरते आणि पाजणाऱ्या बायकांना ती वर्षानुवर्षं दिली जातेय. डॉक्टरांनीच लिहून द्यायची. बऱ्याच जणींना पहिल्या काही दिवसांतच उतार पडतो.

प्रश्न: मुलगा पाचगणीला होस्टेलला आहे, 12 वर्षांचा. डिसेंबरात पायाची बोटं लाल-जांभळी होऊन सुजतात, खाज सुटते, रात्री पांघरुणात शिरला की जास्त. रेनॉड का?

बहुतेक नाही. रेनॉड मिनिटांत येतं आणि जातं, हे काही दिवस राहतं, खाजतं, आणि ऊब मिळाली की वाढतं, याला चिलब्लेन म्हणतात. ओल्या गारठ्यात बुटात पाय गार पडतात आणि मग शेकोटीपाशी किंवा हीटरपाशी एकदम तापतात तेव्हा जास्त होतं. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. वॉर्डनना सांगून ठेवा की आंघोळीनंतर बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करून मगच मोजे घालायचे, मोजे दिवसातून एकदा बदलायचे, बूट अंगठ्यापाशी घट्ट नको, आणि गार पाय शेकोटीला धरायचे नाहीत. फार खाजलं तर डॉक्टरांना विचारून स्टेरॉईडचं सौम्य मलम थोडे दिवस. फोड आले, जखम झाली, किंवा फेब्रुवारी संपून ऊन तापलं तरी डाग गेले नाहीत तर मात्र रक्ताच्या तपासण्या करून घ्या.